अंबरोचा पाहुणचार

आमच्या गावाचं नाव एल-कोदह, म्हणजे काट्यांची विहीर. विहीर माझ्या आजोबांच्या काळातच बुजली, काटे तेवढे शिल्लक आहेत. मी या गावातून शहराकडे दुधाची गाडी नेतो. मला सगळे तिरळा म्हणतात. आमच्यात माणसाचं व्यंग हेच त्याचं नाव होऊन बसतं आणि त्याचा राग धरायचा नसतो. माझं खरं नाव माझ्या बायकोलाही जरा आठवूनच सांगावं लागेल. मी सांगणार आहे ते अंबरोबद्दल, आणि आधीच बजावून ठेवतो, मी रागात सांगतो आहे. ज्याला गोड ऐकायचं असेल त्यानं रेडिओ लावावा.

अंबरोचं टोपणनाव नाकाडी. नाक मोठं आहे म्हणून नव्हे, ते सदा वर असतं म्हणून. आमच्या दूधवाल्या बायका पहाटे बाभळीखाली पिवळे कॅन घेऊन उभ्या असतात, आणि अंबरो प्रत्येकीच्या कॅनचं झाकण उघडून वास घेते. उंटिणीच्या दुधाचं भांडं आधी लाकडाच्या धुरानं धुपवावं लागतं, नाहीतर शहरात पोचेपर्यंत दूध नासतं. "या कॅनला धूर कमी पडलाय. नवऱ्याच्या विड्या धुपवत होतीस का गं?" असं कुणाला तरी ऐकवल्याशिवाय ती गाडीत चढत नाही. चढते ती पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी. तिथं दुसरं कुणी बसत नाही. मलाही रोजचा प्रसाद असतो. "तिरळ्या, एक डोळा रस्त्यावर ठेव. दुसरा आमच्या कॅनवर असतोच तुझा."

मग मी विचारतो, "नबद, आत्या?" ती म्हणते, "नबद." आणि गाडी सुटते.

हा शब्द समजून घ्या, कारण सगळं पाणी तिथंच मुरलं आहे. आमच्यात दोन माणसं भेटली की पहिला शब्द नबद. शांतता आहे ना, असा प्रश्न, आणि उत्तरही तेच. घरात मढं पडलेलं असलं तरी आधी नबद म्हणायचं आणि मग रडायचं. पाहुण्यासमोर तर पहिल्या दिवशी दुःखाचा द काढायचा नाही. त्यानं खावं, प्यावं, झोपावं. काय असेल ते दुसऱ्या दिवशी सांगावं. रीत वाईट नाही, हिच्या जोरावर आम्ही आमची भांडणं बाहेरच्या कुणाला न बोलावता मिटवली आहेत. पण ही रीत ज्यांनी घातली त्यांचे पाहुणे उंटावरून यायचे आणि मुक्काम करायचे. हल्लीचे पाहुणे दुपारी येतात आणि ऊन उतरायच्या आत परत जातात. दुसरा दिवस उजाडतच नाही.

लढाईच्या वर्षी शहराच्याच विमानतळावरून उडालेली तेव्हाच्या सरकारची विमानं त्याच शहरावर बॉम्ब टाकून पुन्हा तिथंच उतरत होती. अंबरोचा नवरा त्यात गेला. लेक राहो पाठीशी बांधून ती चालत सरहद्दीपलीकडच्या निर्वासितांच्या छावणीत पोचली. परत आली तोवर आम्ही आमचा वेगळा देश जाहीर केला होता. झेंडा आपला, चलन आपलं, पोलीस आपले. निवडणुका होतात आणि हरलेला माणूस बंदूक न काढता घरी जातो. आसपास कुठं असं होतं ते दाखवा. पण मी सांगतोय त्या दिवसांत जगातलं एकही सरकार आम्हाला देश मानत नव्हतं. नकाशात आम्ही ज्यांच्यापासून फुटलो त्यांच्याच रंगात रंगवलेले होतो. अंबरोला याचा फार राग. मतदानाची शाई बोटावरून जाईपर्यंत ती ते बोट शहरातल्या गिऱ्हाइकांना दाखवत फिरायची आणि म्हणायची, "हे बघ, देश. आणखी काय पाहिजे त्यांना?"

छावणीतून परतलेल्या बायकांनीच गावचं टाकं खोदलं, अंबरो सगळ्यांत पुढे. जमिनीत खोल खणलेलं, आतून सिमेंटनं लिंपलेलं, वर काटेरी फांद्या. पावसात ते भरतं आणि पुढचा पाऊस येईपर्यंत माणसं, शेळ्या, उंटांची पिल्लं, सगळी त्यावर जगतात. जमिनीतलं पाणी आमच्याकडे इतकं खोल आहे की ते काढायला बोअर मारायचं मोठं यंत्र लागतं, आणि असं यंत्र परदेशी पाहुण्यांच्या कृपेनंच येतं.

ते पाहुणे एकदा यायचे ठरले. निरोप घेऊन सरकारी अधिकारी आला, मवलिद. परदेशात शिकून परतलेला, मान उंच, म्हणून लांबमान्या. बाभळीखाली सगळ्यांना बसवून तो म्हणाला, "हे लोक आपण देश आहोत की नाही ते बघायला येतायत. रड ऐकायला नाही. भिकाऱ्याच्या हाती कुणी राज्य देत नाही. गाव नीट दिसलं पाहिजे. शाळा, दवाखाना, पाणी."

"दवाखाना कुठाय रे आपल्याकडे?" दिरिये काकांनी विचारलं. ते आमच्या पंचांचे म्होरके, कानानं थोडे कमी पण डोक्यानं शाबूत.

"होईल, काका."

"कधी?"

"गुरुवारी."

आणि झाला. आमच्यात अडीनडीला घरटी वर्गणी काढतात. लग्न असो, खुनाची भरपाई असो, कशालाही, आणि नाही म्हणायची सोय नसते. त्या वर्गणीतून टँकर आणून टाकं काठोकाठ भरलं. शाळेच्या एका खोलीला चुना मारून तीन खाटा टाकल्या आणि शहरातून एक नर्स पांढऱ्या कोटासकट आणून बसवली. झेंडा लागला. सगळ्यांत जास्त राबली ती अंबरो. मी तिला टाक्याकाठची शेळ्यांची लेंडकं हातानं उचलताना पाहिलं आहे. म्हणाली, "घरात काय नाही ते पाहुण्याला कशाला कळू द्यायचं? काय आहे ते बघू दे."

पाहुणा एक उंच, वाकलेला, उन्हानं लाल झालेला म्हातारा होता. भला माणूस असावा. आमचा एकच शब्द शिकून आला होता. अंबरोसमोर उभा राहून म्हणाला, "नबद?"

"नबद," अंबरो म्हणाली आणि घरातलं सगळ्यांत जुनं, मुळांच्या तंतूंनी घट्ट विणलेलं दुधाचं भांडं उचलून त्याला दूध दिलं. तो प्याला. मग लांबमान्यामार्फत विचारलं, गावाला कशाची गरज आहे?

खरं सांगायचं तर सगळ्या गावानं तेव्हा श्वास रोखला होता. अंबरोनं नाक वर केलं. "त्याला सांग, शांतता आहे, झेंडा आहे, दूध आहे. बाकीचं अल्ला देतो."

लांबमान्याचे डोळे भरून आले. पाहुण्यानं टाकं पाहिलं, पाण्यात आभाळ दिसत होतं. मान डोलावली, लिहून घेतलं आणि गेला.

परत जाताना त्याच्या गाडीचं चाक टेकडीपलीकडच्या गावात फुटलं. त्या गावाला कुणी निरोप दिला नव्हता. चुना नाही, नर्स नाही, टँकर नाही. पोरं चिखलातून फडक्यानं पाणी गाळत होती, ती त्यानं पाहिली. बोअर त्या गावाला मिळाली. आमच्याबद्दल, लांबमान्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं, पाहुण्यानं फार चांगलं लिहिलं होतं: शिस्तीचे, अगत्यशील लोक, पाण्याची सोय समाधानकारक. मान्यता? ती नाही दिली. ती द्यायचा अधिकार त्याला नव्हताच.

आता यावर हसायचं की डोकं आपटून घ्यायचं ते तुम्ही ठरवा. देश म्हणवून घ्यायचं तर काही कमी नाही असं दाखवा, आणि पाणी मागायचं तर काहीच नाही असं दाखवा. एकाच दुपारी दोन्ही कसं दाखवायचं? आम्ही निवडलं. अब्रू निवडली. त्या अब्रूची किंमत कुणी मोजली तेही सांगतो.

पुढच्या वर्षी पाऊस आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. आमच्यात प्रत्येक दुष्काळाला नाव देतात. या दुष्काळाला लोकांनी नाव दिलं 'सगळे सारखे', कारण त्यानं श्रीमंताचे उंट आणि गरिबाच्या शेळ्या सारख्याच मारल्या. सारखे कसले? शहरात नळ होते. आमचं टाकं तळाला गेलं, पाणी हिरवं झालं, त्यात अळ्या वळवळायला लागल्या. बायका ओढणी दुहेरी करून गाळायच्या, चुलीला लाकूड असेल तर उकळायच्या. प्रत्येक घोटाला कोण उकळतो?

राहोचा मुलगा गेदी. नुकते दात येत होते त्याला. जुलाब लागले ते थांबेनात. अंबरो त्याला घेऊन माझ्या गाडीत बसली, तीच पुढची सीट. राहो मागे कॅनांत, उन्हात. मी गाडी अशी हाणली की दोन झाकणं उडाली. कोरड्या नदीच्या पात्राशी पोचलो, तिथं वाळूत गाडी सावकाश घ्यावी लागते, आणि तिथं अंबरो म्हणाली, "वळव."

मला कळलं नाही. मी म्हटलं, "आत्या, आता थोडंच राहिलंय."

"वळव म्हणते ना."

दुधाच्या गाडीत एक पोरगं कोरडं पडून मेलं. हे वाक्य मी अनेकदा अनेकांना सांगितलं आहे आणि दर वेळी ऐकणारा मान खाली घालतो, च्च करतो आणि चहाचा पुढचा घोट घेतो. घ्या, तुम्हीही घ्या. माझा राग चहावर नाही.

त्या संध्याकाळी समाचाराला लोक आले. प्रत्येकानं दारात विचारलं, "नबद?" आणि अंबरोनं प्रत्येकाला म्हटलं, "नबद." रीतच आहे.

नंतर लांबमान्या पुन्हा आला. तेच पाहुणे, पण या वेळी बरोबर आणखी वरचे कुणीतरी. "मान्यता अगदी हातातोंडाशी आली आहे," तो म्हणाला. "गाव गेल्या वेळेसारखं दिसलं पाहिजे. टँकर या वेळी सरकार देईल, वर्गणी नको."

अंबरो उभी राहिली. पंचांच्या बैठकीत बाई मागे बसते, पण ती पुढे येऊन उभी राहिली. "गेल्या वेळी पाणी आहे असं दाखवलं म्हणून बोअर पलीकडच्या गावाला गेली. या वेळी टाकं आहे तसं राहू दे. त्याला हिरवं पाणी बघू दे."

"आत्या, तुझं दुःख मला कळतं."

"दुःखाचं मी बोललेच नाही. टाक्याचं बोलतेय."

"आत्या, विकासाला एक क्रम असतो," लांबमान्या समजावणीच्या सुरात म्हणाला. "आधी मान्यता. मान्यता आली की मोठी कर्जं मिळतात. मग बंदर, मग रस्ता, मग वीज, मग पाणी. आज या माणसांना अळ्या दाखवल्या तर ते म्हणतील, यांना गाव सांभाळता येत नाही, देश काय सांभाळणार? आपले शत्रू हेच तर म्हणतात."

"त्या क्रमात गेदीचा नंबर कितवा होता?" अंबरोनं विचारलं.

लांबमान्या चोर नाही. चोर असता तर बरं झालं असतं, शिव्या द्यायला सोपं गेलं असतं. त्याची आई छावणीत तापानं गेली. त्याला मनापासून वाटतं की जगानं एकदा हो म्हटलं की आपल्या सगळ्या मेलेल्यांचा हिशोब चुकता होईल. पण जे मेले नाहीत त्यांनी तोवर काय प्यायचं, ते त्याच्या क्रमात बसत नव्हतं. त्यानं दिरिये काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "पाहुणा येतोय तर टाकं भरू द्या. पाहुण्याला घाण दाखवणं आपल्यात नाही." बैठक उठली.

टँकर यायच्या आधी अंबरोनं टाक्यात उतरून एक मडकं भरून घेतलं. मी पाहिलं. तिनंही मला पाहताना पाहिलं. "कुठला डोळा बघतोय रे?" ती म्हणाली. मी म्हटलं, "कुठलाच नाही."

पाहुणा आला. एकटाच, वरचं कुणी बरोबर नव्हतं. आणखी वाकला होता, काठी होती हातात. आम्हाला विसरला नव्हता. अंबरोला पाहून त्याचा चेहरा उजळला, दोन्ही हात छातीशी नेऊन म्हणाला, "नबद?"

अंबरो बोलली नाही.

तुम्हाला यात विशेष वाटणार नाही. आमच्यात नबदला नबद न म्हणणं म्हणजे समोरच्याशी उघड वैर. पुरुषांच्या रांगेत कुजबुज झाली. कुणीतरी घसा खाकरला. अंबरोनं तेच जुनं, विणलेलं भांडं उचललं आणि पेल्यात ओतून पाहुण्याच्या हातात दिलं. दूध नव्हतं. हिरवं पाणी होतं.

पाहुण्यानं पेल्यात पाहिलं, मग लांबमान्याकडे पाहून काहीतरी विचारलं. लांबमान्याचा चेहरा पांढरा पडला. आणि मग तो हसला, हात हलवत काहीतरी सांगू लागला. त्यातलं मला कळलं नाही, पण त्याची बोटं पानं चुरगाळत होती, वाळवत होती. काय सांगतोय ते सगळ्यांना कळलं: हा आमच्या बायकांचा खास पाल्याचा काढा आहे.

आणि त्या भल्या म्हाताऱ्यानं मान डोलावली. त्याला कुणीतरी शिकवलं असणार की या लोकांत दिलेलं नाकारू नये. त्यानं पेला ओठांशी नेला.

अंबरोनं त्याच्या हातावर फटका मारला. परक्या पुरुषाच्या हातावर, सगळ्यांदेखत. पेला उडाला, पाणी त्याच्या बुटांवर आणि चटईवर सांडलं, आणि चटईवर अळ्या वळवळू लागल्या.

"कुणाचं तरी लेकरू आहेस तूही," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी हे माझ्या नातवाला पाजलं. तुला नाही पाजणार. पण बघ तरी."

लांबमान्यानं याचं भाषांतर केलं नाही. त्यानं पाहुण्याचा दंड धरून त्याला टाक्याकडे नेलं. टाकं भरलेलं होतं. पाण्यात आभाळ दिसत होतं. मग तो हळू आवाजात काहीतरी बोलला, स्वतःच्या कपाळाकडे बोट नेलं, आणि हातानं लहान मुलाची उंची दाखवली. म्हातारीचा नातू गेलाय, डोकं ठिकाणावर नाही. पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो अंबरोकडे वळला, छातीवर हात ठेवला, मान लववली, आणि मोटारीत बसून गेला.

त्या दिवशी मी लांबमान्याला मारलं असतं. मारलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढे पंच बसले. पाहुण्याचा मानभंग झाला, तोही गावाच्या अंगणात. आमच्यात मानभंगाला दंड असतो आणि तो ज्याचा मान गेला त्याला मिळतो. पण पाहुणा तर विमानानं निघून गेला होता. मग कुणीतरी सुचवलं, दंड गावाकडे ठेवावा. दिरिये काकांनी निकाल दिला: एक दुभती उंटीण. दुष्काळानं अंबरोकडे एकच ठेवली होती.

अंबरो म्हणाली, "न्या. पण एक विचारते. मी पाहुण्याला जे दिलं ते प्याला असता तर त्याचा मानभंग. तो प्यालाही नाही, तरी मानभंग. गेदी तर प्याला. त्याचा दंड कुणाकडून घेताय?"

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मीच सांगते. पहिल्या वेळी मीच म्हटलं, दूध आहे, झेंडा आहे. माझ्याकडून घ्या. आणि माझ्या मागे उभे राहून हसत होते त्यांच्याकडूनही घ्या. दिरियेदादा, तुम्ही पहिल्या रांगेत होतात."

काकांनी कानावर हात ठेवला, ऐकू येत नाही असा. येत होतं. उंटीण नेली. दाव्याला धरून नेली तेव्हा ती मान वळवून वळवून बघत होती, आणि अंबरो घरात जाऊन बसली.

मला वाटलं होतं ती आता दुधाच्या गाडीला येणार नाही. विकायला दूधच कुठं होतं? पण ती पहाटे बाभळीखाली उभी. शेजारणीनं आपला एक कॅन तिला विकायला दिला होता. तिनं त्याचा वास घेतला, "ठीक आहे" म्हणाली आणि पुढच्या सीटवर चढली. मी सवयीनं विचारलं, "नबद, आत्या?"

तिनं समोर बघत म्हटलं, "शांतता काय विचारतोस? पाणी विचार."

मी गाडी सुरू केली. गिअर टाकून म्हटलं, "पाणी, आत्या?"

"नाही."

मागे बायका ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी एकीनं दुसरीला विचारलं, "पाणी?" दुसरी म्हणाली, "नाही." आधी चेष्टा होती. शहराच्या वाटेवर दूधवाल्यांची गावं आहेत, तिथून बायका गाडीत चढतात, त्यांनी उचललं. मग बाजारात पोचलं. पंचांनी एकदा ताकीद दिली, की हे शब्द अपशकुनी आहेत. बायका म्हणाल्या, "बरं." आणि विहीर नाही म्हणून टाक्यावर भेटल्या आणि एकमेकींना विचारलं, "पाणी?" शेवटी पुरुषांच्याही तोंडून निसटायला लागलं. माझ्या तर रोजच.

लांबमान्या तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याची मान जरा आखूड वाटली. मान्यता अजून हातातोंडाशीच होती. पुन्हा तोच पाहुणा, पुन्हा टँकरचा हुकूम. या वेळी टँकर आला नाही. का आला नाही ते मला विचारू नका. टँकरचा ड्रायव्हर माझा मेहुणा आहे, एवढंच सांगतो.

टाक्याच्या तळाशी हिरवं पाणी होतं. लांबमान्या मोटारीतून उतरला, टाक्यात डोकावला आणि कपाळाला हात लावला. तोवर पाहुणा उतरलाच होता. गावातल्या बायका रांगेत उभ्या होत्या, अंबरो मधे. म्हातारा सरळ तिच्यासमोर आला. मागचं विसरला नसावा, कारण थोडा थांबला. मग हळूच, जवळजवळ परवानगी मागितल्यासारखं म्हणाला, "नबद?"

"पाणी नाही," अंबरो म्हणाली.

तिच्या शेजारची म्हणाली, "पाणी नाही." मग तिच्या शेजारची. रांगेच्या टोकापर्यंत. मोठ्यानं नाही, आमच्यात नबद जसं म्हणतात तशाच आवाजात.

पाहुण्यानं लांबमान्याकडे पाहिलं. लांबमान्या हसून काहीतरी बोलला, आणि त्या बोलण्यात मला एक शब्द कळला: नबद. बायका नबद म्हणतायत, असं त्यानं सांगितलं.

पण म्हाताऱ्याला आमच्या भाषेतला तेवढाच एक शब्द येत होता. तेवढा एकच. आणि तो त्याला इतक्या बायकांपैकी एकीच्याही तोंडून ऐकू आला नव्हता. त्यानं वही मिटली. लांबमान्यासमोर उभा राहून त्यानं पुन्हा विचारलं, काय विचारलं ते न समजायला कुणी मूर्ख नव्हतं. लांबमान्याची ती उंच मान खाली गेली.

अंबरो तोवर हिरव्या पाण्याचं मडकं आणायला वळली होती. मडकं पंचांच्या चटईच्या पलीकडे, तिच्या दारात होतं. तिथं जायला एकच वाट, पंच पाय पसरून बसतात त्यांच्या समोरून, आणि बाईला वाट द्यायला ते कधी पाय आवरत नाहीत. ती आली. दिरिये काकांनी तिच्याकडे पाहिलं, आपली काठी उचलून मांडीवर घेतली आणि पाय जवळ ओढले.

मग बाकीच्यांनीही ओढले.